कोल्हापुरात गाडी ॲपला लावायची? आधी रिकामे किलोमीटर मोज

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "दादा, वय 26. शिरोलीच्या फौंड्रीत होतो, काम सुटलं. दीड लाख गाठीला आहेत. टॅक्सी पासिंगची सीएनजी गाडी हप्त्यावर घेऊन ॲपला लावावी म्हणतोय. महिन्याला 40-45 हजार सुटतात असं मित्र सांगतो. रोजचा त्रास काय असतो ते खरं सांगा."

मी 2016 पासून पिवळ्या पाटीची गाडी चालवतो. त्याआधी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेथवर उभा असायचो, त्यामुळं तुझी अडचण मला नीट कळते. तुझा मित्र खोटं बोलत नाही. 40-45 हजार येतात. पण 'येतात' आणि 'सुटतात' यात जे अंतर आहे ते त्यानं अजून मोजलेलं नसावं.

मीही पहिली दोन वर्षं मोजलं नव्हतं. रात्री घरी आलो की मोबाईलवर दिवसाचा आकडा बघायचा, 2,100, 2,400, आणि खुशीत झोपायचं. तिसऱ्या वर्षी टायर, इन्शुरन्स आणि पोरीची शाळेची फी एकाच महिन्यात अंगावर आली आणि खात्यात काहीच नव्हतं. बायको म्हणाली, "एवढं मिळवताय तर जातंय कुठं?" मला सांगता येईना. तिनं दुकानातनं एक लाल वही आणली आणि सांगितलं, रोज निघताना आणि आल्यावर किलोमीटर लिहायचे, आणि पॅसेंजर बसल्यावर किती, ते वेगळे लिहायचे.

त्या वहीतला एक मंगळवार जसाच्या तसा देतो. सकाळी सव्वासहाला कळंब्यातनं निघालो, स्टेशनपर्यंत रिकामा. रात्री साडेनऊला घरी. मीटर 176 किलोमीटर पुढं गेलेला. भाडी 9. पॅसेंजर गाडीत असताना झालेले किलोमीटर 97. म्हणजे 79 किलोमीटर मी एकटाच गाव बघत फिरलो. जमा 1,985 रुपये. त्यातनं ॲपचा पाचवा हिस्सा गेला, 397. सीएनजी 8 किलो, किलोला 90 धरू, 720. चहा-नाश्ता 120. उरले 748. हप्ता तेव्हा 13,500 होता, महिन्याला 26 दिवस गाडी चालते धरलं तर रोजचे 519. हातात 229. यात टायर नाही, सर्व्हिसिंग नाही, इन्शुरन्स नाही, पासिंग नाही. पंधरा तासांचे 229.

रोज असं नसतं, तो दिवस वाईटच होता. पण वाईट काय होतं ते बघ. भाडी कमी नव्हती, 9 भाडी कोल्हापुरात बरी म्हणायची. दरही ठीक होता. मार बसला तो 79 किलोमीटरचा. या धंद्यात ड्रायव्हर गिऱ्हाइकावर चिडतो, गिऱ्हाईक ड्रायव्हरवर चिडतं, दोघं मिळून ॲपवर चिडतात, आणि खोलात गेलास तर नव्वद टक्के भांडण त्या रिकाम्या किलोमीटरवरनं असतं. ते कुणाच्या खात्यावर घालायचे, एवढाच वाद. ॲप म्हणतं आमच्या नाही, गिऱ्हाईक म्हणतं माझा काय संबंध. मग राहिलं कोण?

आपल्या गावात हे जास्त दुखतं, त्याला कारण आहे. 1972 ला महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीची नुसती चर्चाच चालली आहे. हद्द आहे तेवढीच, 66.82 चौरस किलोमीटर. शहराच्या आतलं भाडं तीन-चार किलोमीटरचं. राजारामपुरीतनं अंबाबाई, ताराबाई पार्कातनं सीबीएस, म्हणजे मध्यवर्ती एसटी स्टँड. तेवढ्या भाड्यासाठी तू दोन-अडीच किलोमीटर रिकामा जातोस. पुण्यात बारा किलोमीटरच्या भाड्याला दोन किलोमीटर रिकामे गेले तर चालतं. इथं तेच दोन किलोमीटर निम्मा घास घेऊन जातात. आणि लांबचं भाडं लागलं की ते पाचगाव, उचगाव, गांधीनगर, उजळाईवाडी असं हद्दीबाहेरचं. विमानतळावर सोडलं, विमान गेलं, आता पुढचं विमान येईपर्यंत तिथनं बुकिंग पडत नाही. थांबलास तर वेळ जातो, परत आलास तर नऊ-दहा किलोमीटरचा गॅस.

सरकारला हे कळत नाही असं नाही. ॲपच्या गाड्यांसाठीच्या केंद्राच्या 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत मूळ भाडं किमान 3 किलोमीटरचं धरायला सांगितलंय, तेही पिकअपपर्यंतच्या रिकाम्या खेपेची भरपाई म्हणून. गाडी स्वतःची असेल तर ड्रायव्हरला भाड्याचे किमान 80 टक्के मिळावेत, हेही 2020 पासून लिहिलेलं आहे. फक्त मार्गदर्शक तत्त्वं दिल्लीची आणि अंमल राज्यानं करायचा. तोवर तू हिशेब कागदावरच्या दरानं मांडू नकोस, हातात येईल त्यावर मांड. अलीकडं काही ॲपनी कमिशन सोडून रोजची ठरावीक फी घ्यायला सुरुवात केली आहे. चांगलं आहे, पण ज्या दिवशी तीनच भाडी लागतील त्या दिवशी फी तेवढीच असते, हे लक्षात ठेव.

आता तो फोन. बुकिंग पडलं की ड्रायव्हर फोन करून विचारतो, "कुठं जायचंय? कॅश का ऑनलाइन?" लोकांना याचा भयंकर राग आहे. मी स्वतः पुण्यात पॅसेंजर म्हणून हा प्रश्न ऐकलाय आणि मलाही राग आलाय, ड्रायव्हर असून. पण विचारणाऱ्याची बाजू अशी. दुपारचे दोन वाजलेत, गॅसचा काटा लाल रेषेवर आलाय, खिशात 60 रुपये आहेत. ऑनलाइन भाड्याचे पैसे ॲपकडं जमा होतात, ते खात्यावर यायला त्यांची वेळ लागते. पंपावर उधारी नाही. कॅशमध्ये उलटं होतं. सगळे पैसे तुझ्या खिशात, पण कमिशनचं देणं तुझ्या नावावर चढत जातं. ठरावीक रकमेच्या वर गेलं की आयडी बंद, आधी भर मग धंदा कर. माझा आयडी असा भर नवरात्रात पंचमीच्या दिवशी संध्याकाळी बंद पडला होता. हेल्पलाइनला फोन केला तर पलीकडची बाई हिंदीत म्हणाली, "सर, आपकी असुविधा के लिए खेद है." खेद तर मलाही होता. सगळं भरूनही चालू व्हायला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडली.

तरीही सांगतो, तो प्रश्न विचारू नकोस. मी 2019 नंतर सोडून दिला. खिशात कायम हजारभर रुपये गॅसचे म्हणून वेगळे ठेवतो, त्याला हात लावत नाही, आणि पडेल ते भाडं घेतो. यानं नुकसान कमी झालं का? थोडंच कमी झालं. डोकं मात्र बरंच थंड राहिलं.

पत्त्यांचा त्रास तुला वाटतो त्याहून मोठा आहे. आपल्याकडं पत्ता सांगायची पद्धत म्हणजे तालीम. "पाटाकडील तालमीच्या मागं", "खंडोबा तालमीच्या अलीकडचा बोळ". मॅपवर ठिपका पडतो भलतीकडंच. एकाच चौकाला दोन नावं, कागदोपत्री ताराराणी चौक आणि तोंडात कावळा नाका. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा, हे बाहेरच्या ॲपला कळायचं कारणच नाही. पापाची तिकटी, माळकर तिकटी, मिरजकर तिकटी. एकदा मुंबईची एक मुलगी फोनवर मला "पापाची टिकटी कुठे मिळते?" असं विचारत होती. तिला वाटलं तिकीट आहे.

शिवाजी पेठेतला एक प्रसंग सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांपुढं येईल. रात्री साडेआठ, पाऊस. ठिपका अर्धा शिवाजी पुतळ्याच्या पुढं एका बोळाच्या तोंडाला. मी पोचलो, फोन केला.

"ओ मामा, जरा आत या की. दारातच उभं आहे मी."

"ताई, गाडी मोठी आहे, आत वळत नाही."

"काल आली होती की ओ गाडी!"

काल आली असेल, कुठली ते माहीत नाही. आत घातली. डाव्या हाताला एका घराच्या पायऱ्या रस्त्यावर आलेल्या, उजव्या हाताला तीन मोटारसायकली आणि त्यांवर झाकलेली ताडपत्री, मधनं गटाराचं झाकण उचललेलं. दोन्ही आरसे मिटवले. दारात गेलो तर ताई म्हणाल्या, "दोनच मिनिटं, आजीची गोळी राहिली." सात मिनिटं गेली. मागनं दुधाची किटली लावलेली मोटारसायकल येऊन उभी, तो हॉर्न वाजवतोय. आजी आल्या, गुडघ्याचं दुखणं, बसायला दोन मिनिटं. मग अख्खा बोळ रिव्हर्स. पलीकडच्या घरातला एक म्हातारा बनियनवर बाहेर आला आणि हातवारे करत "येऊ दे, येऊ दे, आता तोड, तोड" करत मला बाहेर काढलं. भाडं झालं 78 रुपये. उतरताना आजींनी पिशवीतनं दोन लाडू काढून डॅशबोर्डवर ठेवले. ताईंनी रात्री मला तीन स्टार दिले. लाडूला स्टार द्यायचे असते तर मी पाच दिले असते.

तेव्हापासून पेठांमध्ये मी बोळाच्या तोंडाला थांबतो. म्हातारं माणूस असेल तर स्वतः आत चालत जातो, हात धरून आणतो. गाडी आत नेण्यापेक्षा लवकर होतं.

स्टार म्हणशील तर त्यावर फार जीव जाळू नकोस, पण दुर्लक्षही करू नकोस. खाली गेले की बुकिंग कमी पडतात, हे सगळ्या ड्रायव्हरांचं मत आहे. अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं कुटुंब, माणसं सहा. "दोघं लहानच आहेत, मांडीवर घेतो." ती 'लहान' पोरं दहावीतली होती. गाडी चार अधिक एकची पास आहे. वर माणूस बसवला आणि काही झालं तर क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाला पहिला प्रश्न तोच विचारतो. मी नाही म्हणालो, त्यांनी एक स्टार दिला आणि शेजारच्या वडापच्या जीपमध्ये, माणसं कोंबून नेतात त्यात, बसून गेले. दिला तर दिला. यात माघार घेऊ नकोस.

दुसरा एक स्टार गेला तो पांढऱ्या रश्श्यामुळं. एक साहेब पार्सल घेऊन बसले, तांबडा-पांढरा, नुसत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेला. सायबर चौकाच्या स्पीडब्रेकरला गाठ सुटली. साहेब उतरून गेले, मला दिसलं नाही. नारळाचं दूध सीटच्या फोममध्ये मुरलं. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि गाडीत असा वास सुटला की आठ दिवस सोडा टाकून धुतली. त्या आठ दिवसांत बसलेल्या प्रत्येकानं नाक मुरडलं. आता डिकीत मी एक स्टीलची झाकणाची बादली ठेवतो. पार्सल दिसलं की म्हणतो, "साहेब, रस्सा यात ठेवूया." लोक हसतात, पण देतात.

रिक्षावाल्यांचा विषय नाजूक आहे. माझा सख्खा मावसभाऊ रिक्षा चालवतो, त्यामुळं दोन्हीकडचं ऐकतो. नवीन असताना एका स्टँडजवळ मी पॅसेंजर घेतला तर चार जण काचेवर हात मारत आले, एकानं चावी काढून घेतली. राडा व्हायचाच बाकी होता. रात्री भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "परमिट काढलंय, बॅज काढलाय, मीटरची तपासणी करून घेतो, नंबराला दोन तास उभा राहतो. तू येतोस आणि मोबाईल बघून माझ्यासमोरनं माणूस उचलतोस. मी काय करू सांग." मला उत्तर सुचलं नाही, आजही नाही. आपल्याकडं रिक्षा म्हणजे नुसतं वाहन नसतं. पोरासारखी सजवतात, त्यांच्या सौंदर्य स्पर्धा भरतात. त्या माणसाचा अभिमान त्यात आहे. मी ठरवलंय, स्टँडच्या नजरेच्या टप्प्यात थांबायचं नाही. पॅसेंजरला फोन करून शंभर पावलं चालत यायला सांगतो. सामान जास्त असेल तर स्वतः जाऊन उचलतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, पण चावी खिशात राहते.

सीएनजीबद्दल गाडी विकणारा एवढंच सांगतो की स्वस्त पडते. पडतेच. पण रांग तो सांगत नाही. ज्या पंपावर पाइपलाइन नाही तिथं गॅस ट्रकवरच्या सिलेंडरांतनं येतो. ट्रक रिकामा होत आला की प्रेशर पडतं, आणि 60 लिटरच्या टाकीत आठ-नऊ किलो बसायचा तिथं पाचच बसतो. म्हणजे संध्याकाळी परत रांग. पहाटे पाचच्या आधी किंवा रात्री अकराच्या नंतर भरायची सवय लाव. दुपारी रांगेत उभा राहिलास तर तो तास गेला. वहीत मी त्या तासालाही रिकामंच लिहितो.

2020 आणि 2021 बद्दल लिहायला बसलो तर संपायचं नाही, पण हप्त्याची गाडी घेणाऱ्यानं एक ऐकून ठेवावं. लॉकडाउनमध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढं ढकलायची मुभा दिली, मार्च ते ऑगस्ट, सहा महिने. मी सहाही घेतले, सुटलो म्हणून. व्याज थांबलेलं नव्हतं. ते मुद्दलात चढलं आणि कर्ज शेवटाला लांबलं. पुढच्या वर्षी जुलैत पंचगंगा चढली. 2019 ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं आणि शिरोलीजवळ हायवे कित्येक दिवस बंद होता, ते सगळ्यांना आठवतं. तरी 2021 ला मी पुण्याचं भाडं घेतलं, कारण भाडं मोठं होतं. येताना किणी टोलनाक्याच्या पुढं गाडी हलेना. दोन रात्री गाडीत काढल्या, ट्रकवाल्यांनी केलेली खिचडी खाल्ली. आता जुलै-ऑगस्टमध्ये रोज सकाळी चहाच्या आधी बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 39 ला टेकली की हायवेपलीकडचं भाडं घेत नाही. आणि शहरात जोराचा पाऊस असला की परीख पुलाखालनं गाडी घालत नाही, मॅप काहीही सांगू दे.

आता तू म्हणशील, एवढं असून नऊ वर्षं हेच का करतोय? कारण माझा निम्म्याहून जास्त धंदा आता ॲपवर नाही, फोनवर आहे. पोट भरतंय ते त्यावर. कोल्हापूर हे ओळखीचं गाव आहे. इथं माणूस एकदा नीट वागलेला ड्रायव्हर सोडत नाही. ॲपचं गिऱ्हाईक चोरायचं असं मी सांगत नाही, चालू ट्रिप कॅन्सल करून कॅशमध्ये न्यायची लबाडी तर अजिबात करू नकोस. पॅसेंजरचा विमाही त्या ट्रिपला असतो, आणि पकडला गेलास तर आयडी कायमचा जातो. पण ट्रिप संपल्यावर माणूसच म्हणतो, "मामा, नंबर द्या, रविवारी जोतिबाला जायचंय." द्यायचा.

फोनवरच्या भाड्यात रिकामं किलोमीटर आधीच बोलून घेता येतं, हा सगळा फरक आहे. नृसिंहवाडी जाऊन-येऊन, थांबायचे इतके तास, एवढे पैसे. दोघांना माहीत असतं. रत्नागिरीला सोडायचं असेल तर परतीचं मी भाड्यात धरूनच सांगतो. त्यांना जास्त वाटलं तर नम्रपणे नाही म्हणतो, आणि येतानाचं भाडं मिळालं तर त्यांना आधीच कमी करून देतो. पिवळ्या पाटीच्या गाडीला 80 चा स्पीड गव्हर्नर असतो, हेही आधीच सांगायचं. नाहीतर साताऱ्याच्या अलीकडं मागनं आवाज येतो, "मामा, जरा दाबा की." दाबून काय होणार? त्यात सहापदरीकरणाच्या कामामुळं ठिकठिकाणी सर्व्हिस रोडला उतरावं लागतं. पुण्याला पोचायची वेळ मी कधीच छातीठोकपणे सांगत नाही.

आणि कॅलेंडर. ॲप सांगतं आत्ता मागणी कुठं आहे, पण उद्या कुठं असेल ते गावातला माणूसच सांगू शकतो. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळी मुंबईची माणसं आणते, ती उतरल्यावर चहा-मिसळ आणि मग देऊळ या क्रमानं जातात. पुण्याची वंदे भारत 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाली, ती आठवड्यातले तीन दिवस. मंगळवार, शुक्रवार अंबाबाई. रविवार जोतिबा, चैत्र पौर्णिमेला तर विचारू नकोस. किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात ते दिवस, 9, 10, 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारी. त्या संध्याकाळी महाद्वार रोडकडं गाडी घालायची नाही, बिंदू चौकाच्या अलीकडंच माणूस सोडायचा. विसर्जनाच्या मिरवणुकीला गाडी घरी लावून आपणही जायचं. शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असेल तर ती सुटायच्या वेळेला त्या बाजूला अडकायचं नाही, विशेषतः निकाल कुणाच्या तरी मनाविरुद्ध लागला असेल तर.

18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर, तेव्हापासून माझी सकाळ बदलली. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गची माणसं येतात. वकीलसाहेब मागच्या सीटवर फाईल उघडून ओठांत पुटपुटत मुद्दे मांडतात, मी आरशात बघत नाही. पक्षकार मात्र बोलतात, सगळी केस मला सांगतात आणि शेवटी विचारतात, "काय होईल हो?" मी म्हणतो, साहेब, मी फक्त वेळेत पोचवणार. तारीख पडली की त्याच दिवशी पुढच्या तारखेचं बुकिंग माझ्या वहीत होतं. ॲपला याचा पत्ताही नसतो.

शरीराचं थोडं सांगतो. पहिलं जातं कंबर, नंतर लघवी. हसू नकोस. ड्रायव्हर पाणी कमी पितात, कारण थांबायला जागा नाही, आणि मुतखडा होतो. मला झाला. कुठल्या पंपावरचं स्वच्छतागृह बरं आहे, कुठल्या हॉटेलवाल्याची हरकत नसते, हे पाठ कर. केंद्राच्या 2020 च्या नियमावलीत दिवसाला 12 तासांवर लॉगिन नको आणि मग 10 तासांची विश्रांती, असं म्हटलं होतं. आपली पोरं दोन ॲप, दोन मोबाईल घेऊन सोळा-सोळा तास काढतात. एक संपला की दुसरा. रात्री कधी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर उभा राहा, म्हैस समोर पिळतात, ग्लास हातात घेऊन ड्रायव्हर लोक उभे असतात. त्यांचे डोळे बघ. मग तुझ्या मित्राच्या 45 हजारांत किती तास आहेत ते त्याला विचार.

तर, गाडी घ्यावी का? आत्ता नाही. आधी तीन महिने दुसऱ्याची गाडी पगारावर किंवा हिश्श्यावर चालव. कोल्हापुरात मालक लोक ड्रायव्हर शोधतच असतात. पावसाळ्याचा एक महिना त्यात आला तर उत्तम. त्या तीन महिन्यांत लाल वही ठेव: निघताना किती, आल्यावर किती, पॅसेंजर असताना किती. शंभरातले रिकामे 30 च्या आत आणता आले तर गाडी घे. 40 च्या वर राहिले तर दीड लाख बँकेत राहू दे आणि दुसरी फौंड्री बघ, त्यात कमीपणा नाही. पांढऱ्या पाटीच्या गाडीवर गुपचूप भाडी मारतात काही जण, तो विचार डोक्यात आणू नकोस. अपघात झाला तर खासगी गाडीचा विमा हात वर करतो आणि तू आयुष्यभर फेडत बसतोस.

घेतलीसच तर पहिली गाडी जुनी घे, चार-पाच वर्षं चाललेली, म्हणजे हप्ता सहा-सात हजारांत बसेल. इंजिन मेस्त्रीला दाखवशीलच, पण सिलेंडर कुणी बघत नाही. दर तीन वर्षांनी त्याची हायड्रो टेस्ट करावी लागते, ती नसेल तर पंपावर गॅस देत नाहीत, आणि ती करेपर्यंत गाडी दारात उभी राहते. तारीख सिलेंडरच्या मानेजवळ पत्र्यात ठोकलेली असते, डिकीत वाकून बघावी लागते. जाताना टॉर्च घेऊन जा.